तोतया लोड होतोय

विंडोज १० चा अधिकृत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला सुटला आणि आमचा कॉम्प्युटर विंडोज ११ च्या प्रवेशपरीक्षेत नापास झाला. मग भाचा एका रविवारी आला, त्याने त्यावर लिनक्स मिंट चढवलं, मामीच्या हातची थालीपिठं खाल्ली आणि ‘आता व्हायरसची चिंता नको’ असं सांगून गेला. उरलेल्या चिंतांची यादी त्याने दिली नाही.

भुतांचे खेळ मला चढत नाहीत. भूत नसतं, हे एकदा लहानपणी पाठ झालं की पुढे सगळा नुसता धूर आणि किंचाळ्या. घरात घुसणारा माणूस मात्र असतो. म्हणून भाच्याने सुचवलेला ‘फिअर्स टू फॅदम’ या मालिकेचा पहिला भाग घेतला, ‘होम अलोन’. तो फुकट मिळतो हे दुसरं कारण. पहिलं म्हणालात तरी मी वाद घालणार नाही. २०२१ साली आलेला हा खेळ एका भारतीयाने केला आहे. चौदा वर्षांचा माइल्स, आईबाप परगावी, रात्रीची वेळ, आईचे मोबाइलवर मेसेज आणि घरात आणखी कोणीतरी. या गोष्टी जिवंत राहिलेल्यांनीच सांगितल्या आहेत, असं जाहिरातीत आधीच कबूल केलंय. म्हणजे पोरगा वाचणार, निदान मूळ गोष्टीत तरी. एवढी हमी असल्यावर आमच्यासारख्या भित्र्या माणसानेही बसायला हरकत नाही.

पण बसणार कसं? खेळ विंडोजचा. तो लिनक्सवर चालवायचा तर मधे प्रोटॉन लागतो. व्हॉल्व्ह कंपनीने तो २०१८ साली आणला आणि त्याच्या पोटात वाइन आहे, म्हणजे १९९३ पासून जगभरची मंडळी चिकाटीने करत आलेलं काम. खेळ विचारतो, ‘विंडोज आहेत का घरात?’ प्रोटॉन दार उघडून म्हणतो, ‘मीच विंडोज, या.’ मग खेळ जे जे मागेल ते हा लिनक्सकडून आणून पुढे ठेवतो आणि खेळाला शेवटपर्यंत पत्ता लागत नाही. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या तोतयाने अर्ध्या पुण्याला झुलवलं म्हणतात; त्याला प्रोटॉन भेटायला हवा होता. थोडक्यात, आपण ज्याला भिणार तो घुसखोर पडद्यावर यायच्या आधीच एक तोतया यंत्रात शिरून स्थिरस्थावर झालेला असतो.

कुठला खेळ या तोतयापुढे कितपत टिकतो, याची नोंद लोकच प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर ठेवतात. तिथे सराफाच्या दुकानासारखे दर आहेत: प्लॅटिनम, सोनं, चांदी, कांसं आणि तळाला ‘बोर्क्ड’, म्हणजे मोडीत. लिनक्सवाले प्रामाणिक असतात. ‘उत्तम चालतो, फक्त पडदा काळा राहतो’ अशा धर्तीचं काहीतरी निर्विकारपणे लिहून वर चांदी देतात.

मी खेळ सुरू केला. दिवे घालवले, हेडफोन लावला. पडद्यावर माइल्सऐवजी एक पट्टी आली: व्हल्कन शेडर्सवर प्रक्रिया चालू आहे. ४ टक्के. मी अंधारात बसून होतो. ११ टक्के. भीती वाटण्याची तयारी करून बसलेल्या माणसाला पाच मिनिटं ताटकळत ठेवलं की तो भीत नाही, चिडतो. ६३ वर पट्टी थांबली आणि पंखा विमानतळावर असल्यागत गरजू लागला. खेळातलं संगीत समजून मी त्यालाही दाद दिली.

तेवढ्या वेळात वाचन झालं. घरात घुसखोर शिरण्याच्या खेळांना इतिहास आहे. १९९२ च्या ‘नाइट ट्रॅप’मध्ये कॅमेऱ्यांतून घरभर नजर ठेवायची आणि घुसखोरांना सापळ्यात पाडायचं. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी हे विनामूल्य, रोज करतात. त्यांच्याविरुद्ध अजून कोणी तक्रार केलेली नाही. ‘नाइट ट्रॅप’वर मात्र १९९३ मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये सुनावणी झाली आणि पुढच्याच वर्षी तिकडे खेळांना वयोमर्यादेचे शिक्के देणारी संस्था उभी राहिली.

पण रक्त गोठवणारी गोष्ट दुसरीच निघाली. जानेवारी २०१५ मध्ये लिनक्सवरच्या स्टीमच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्याच खेळांच्या दुकानाच्या, एका स्क्रिप्टमध्ये चूक सापडली. कोणी स्टीमचं फोल्डर दुसरीकडे हलवलं असेल, तर फोल्डरचा पत्ता रिकामा राहायचा आणि ‘या फोल्डरमधलं सगळं पुसा’ या हुकमातलं ‘या फोल्डरमधलं’ गळून पडायचं. उरायचं ते ‘सगळं पुसा’. एकाचा सगळा संसार गेला, वर जोडलेल्या बॅकअपच्या डिस्कवरचाही. आणि त्या ओळीच्या डोक्यावर, ती लिहिणाऱ्याने स्वतःच, एक शेरा मारून ठेवला होता: ‘स्केरी!’ उद्गारचिन्हासकट. चूक पुढे दुरुस्त झाली. पण दरोडेखोराने घरात शिरताना स्वतःच ‘बापरे’ म्हणावं, हे एकाही भयपट लेखकाला सुचलेलं नाही.

शेवटी माइल्सचं घर उघडलं. आमची ही पाणी प्यायला उठली होती, ती मागे उभी राहिली. तिने आधी खिडक्या पाहिल्या.

‘ग्रिल नाही?’

‘अमेरिकेत नसतात.’

‘सेफ्टी डोअर? वरची कडी? आणि चौदा वर्षांच्या पोराला एकटं टाकून गेले, समोरच्यांकडे किल्ली तरी ठेवायची!’

आमच्या घराची एक किल्ली समोरच्या काकूंकडे असते, एक इस्त्रीवाल्याला माहीत असलेल्या जागी. आमच्याकडे घरफोडी करायला चोराला फक्त चौकशी करावी लागेल.

खेळ रंगला, आवाज मात्र मागे राहिला. घुसखोर खिडकीपाशी येऊन गेला आणि मग, बऱ्याच वेळाने, त्याची पावलं वाजली. धोका टळल्यावर दचकायचं म्हणजे फारच दमणूक. मी भाच्याला तसा मेसेज टाकला आणि माइल्सला अंधाऱ्या कोपऱ्यात उभं करून श्वास रोखला.

आणि माउसचा बाण आपोआप हलला.

माझा हात मांडीवर होता. बाण सरकत कोपऱ्यात गेला, खेळाची खिडकी खाली गेली, एक काळी चौकट उघडली आणि तिच्यात अक्षरं उमटायला लागली, एकेक, कोणीतरी बोटांनी टाइप करावं तशी. शेवटी तिने पासवर्ड मागितला. त्याच क्षणी फोन वाजला.

‘मामा, मी रिमोटने आत आलोय. ऑडिओचं बघतो. तुमचा पासवर्ड सांगा पटकन.’

मी तोंड उघडलं, तोवर फोन हिच्या हातात होता. रोज पेपरात डिजिटल अरेस्टच्या बातम्या वाचणारी बाई आहे ती.

‘कोण बोलतंय?’

‘मामी, मी!’

‘मी तर सगळेच असतात. आवाज हल्ली कोणाचाही काढता येतो. आजीकडे सातारला मांजर होती, तिचं नाव सांग.’

पलीकडे शांतता. बाणही थांबला.

‘गुंड्या.’

‘तो बोका. मांजरीचं सांग.’