जाग्यावरभाऊ

बुलढाणा जिल्ह्यातल्या बऱ्यापैकी मोठ्या बांधकामावर जा, खामगावचं कॉम्प्लेक्स असो की चिखलीचा बंगला, एक माणूस सतत खाली वाकून काहीतरी वेचताना दिसेल. हा मुकादम. वेचतोय ते खिळे. सेंट्रिंग उतरली की बाकीच्यांची नजर वर स्लॅबकडे जाते. याला फक्त पडलेल्या फळ्या आणि त्यांतून वर आलेली खिळ्यांची टोकं दिसतात. मजुरांनी त्याचं नाव ठेवलंय जाग्यावरभाऊ. "घमेलं जाग्यावर! फावडं जाग्यावर! अन् तू कुठी चालला?" असा घोष दिवसभर चालू.

त्याची हिंदी खास. बऱ्हाणपूरकडून आलेल्या पोरांना तो दटावतो, "अबे, सळई आडवी काऊन डाली? किसी का पाय मुरगळेगा ना!" पोरांना निम्मंच कळतं, पण सळई उचलली जाते. उभ्या सळयांच्या टोकांवर तो पाण्याच्या रिकाम्या बाटल्या उलट्या घालतो. त्यामुळे त्याची साइट लांबूनच ओळखू येते.

ही खोड शेगावची. दरवर्षी तो गजानन महाराज संस्थानात सेवेला जातो. तिथे पंगतीमागून पंगत उठते आणि फरशी लखलखीतच राहते. १८७८ साली महाराज लोकांना पहिल्यांदा दिसले ते उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाताना. भाऊ म्हणतो, "महाराजायनं शितं वेचली, मंग आपल्याले खिळे वेचाची काय लाज?" या मुद्द्याला अजून कुठल्याही इंजिनिअरला उत्तर सुचलेलं नाही.

ठेकेदाराशी त्याचं पहिलं भांडण पाया खोदायच्या आधीच होतं. आधी संडास, मग पाया. कामावर बाया आहेत, त्यांनी जायचं कुठे? १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात पिण्याचं पाणी आणि शौचालयं सांगितलेली होती. भाऊने तो कायदा वाचलेला नाही. ठेकेदाराने वाचलाय, म्हणून तो लगेच सिमेंटच्या भावाबद्दल बोलू लागतो.

मग येते बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची सुरक्षा साहित्याची पेटी. ९० दिवस काम केल्याचा दाखला जोडून, खेटे घालून मिळवलेली. तिच्यातली बॅटरी रात्री हरभऱ्याला पाणी द्यायला जाते, बूट आठवडी बाजाराला, मच्छरदाणी बाळंतिणीला. खुद्द पेटीत लग्नातल्या साड्या. उरतं हेल्मेट, आणि त्यात लसूण. भाऊ सकाळी फाटकात उभा राहून सांगतो, "लसूण घरी ओत, त्यात डोस्कं घाल, अन् मंग ये." अर्ध्या मजुरांच्या केसांना दुपारपर्यंत फोडणीचा वास येतो.

त्याची थट्टा करणारे एका बाबतीत मात्र गप्प बसतात. सळयांच्या गाडीत मागे कोणी चढू लागलं की भाऊ खवळतो. लोखंडाची जागा वेगळी, माणसाची वेगळी. २० ऑगस्ट २०२१ ला समृद्धी महामार्गाच्या कामावरचे मजूर सळया घेऊन निघालेल्या टिप्परमध्ये बसले होते. सिंदखेडराजा तालुक्यात तढेगावजवळ तो उलटला आणि १३ जण गेले. पोटासाठी परमुलखातून आलेली माणसं. भाऊ त्यावर भाषण देत नाही. ड्रायव्हरच्या हातातली चावी काढून घेतो आणि सगळे खाली उतरेपर्यंत खिशात ठेवतो.

तुमचं घर बांधायला निघालं असेल तर असा मुकादम शोधा. रोजी थोडी जास्त मागेल, घासाघीस करू नका. आणि काम पाहायला जाताना चपला घालून जाऊ नका; घरमालक असलात तरी फाटकातूनच परत पाठवतो.