कानाखाली वाजवावी असा चेहरा

खलनायक व्हायला काय लागतं? थंड आवाज, शिवलेला सूट आणि दोन-चार मुडदे. 'डाय हार्ड' (१९८८) मधला हान्स ग्रूबर नाताळच्या पार्टीत शिरून कंपनीच्या साहेबाच्या डोक्यात गोळी घालतो, तरी लोक अजून त्याच्यावर फिदा आहेत. त्याच सिनेमात रिचर्ड थॉर्नबर्ग नावाचा टीव्ही पत्रकार आहे. तो कुणाला चापटसुद्धा मारत नाही. हीरोच्या घरी जातो, मुलं सांभाळणाऱ्या बाईला इमिग्रेशनची भीती घालतो आणि लहान पोरांपुढे माइक धरतो, एवढंच. त्या मुलाखतीमुळे ग्रूबरला आयतं कळतं की ओलिसांतली ही बाई हीरोची बायको. शेवटी तीच बाई थॉर्नबर्गच्या थोबाडावर ठोसा हाणते, आणि खरं सांगायचं तर ग्रूबर कोसळल्यापेक्षा आपल्याला तेव्हा जास्त बरं वाटतं.

हा थॉर्नबर्ग रंगवणारा नट म्हणजे विल्यम अ‍ॅथर्टन. नाव आठवणार नाही. चेहरा दिसला की हात शिवशिवतील.

याची खासियत अशी की तो दुष्ट दिसायची धडपडच करत नाही. मान ताठ, जबडा आवळलेला, बोलणं अगदी कायदेशीर. आपलंच बरोबर आहे यावर त्याचा इतका विश्वास, की समोरच्याला आपोआप संताप येतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये नियमावलीची झेरॉक्स घेऊन येणारे एक काका असतात ना, तसा.

'घोस्टबस्टर्स' (१९८४) मधला त्याचा वॉल्टर पेक आठवा. पर्यावरण खात्याचा अधिकारी. न्यूयॉर्कमध्ये चार जण पाठीवर अणुयंत्रं बांधून फिरतात, पकडलेली भुतं तळघरात कोंडून ठेवतात. हा येतो, सभ्यपणे म्हणतो, जरा बघू द्या. त्याची टिंगल करून त्याला हाकलतात. मग तो कोर्टाचा हुकूम आणतो. पाकीट मागत नाही, 'बसून मिटवू' म्हणत नाही. असा इन्स्पेक्टर आपल्याकडे सापडला तर सत्कार करू आणि महिन्याभरात बदली करू. सिनेमात तो खलनायक! हां, यंत्र बंद करायला लावून भुतं मोकाट सोडली हे चुकलंच. पण दोन तास आपल्याला कायद्याच्या विरुद्ध बाजूला उभं करणं हे अ‍ॅथर्टनचं काम, आणि श्रेय मात्र विनोदवीरांना. याच्या अंगावर मार्शमॅलोचा चिकट लोंढा.

'रिअल जीनियस' (१९८५) मध्ये विद्यार्थ्यांकडून लष्करासाठी लेझर बनवून घेणारा प्राध्यापक झाला, तर शेवटी घरभर मक्याच्या लाह्या. 'डाय हार्ड २' मध्ये तर ठोसा हाणणाऱ्या त्याच बाईच्या विमानात बसायची वेळ आली. या खेपेला विजेचा झटका.

गंमत म्हणजे गडी हीरो म्हणून आला होता. स्पीलबर्गच्या 'द शुगरलँड एक्स्प्रेस' (१९७४) मध्ये गोल्डी हॉनचा भाबडा नवरा तोच. ऑस्करवाल्यांना तो तेव्हाही दिसला नाही, नंतरही नाही. त्यांचाही हात शिवशिवत असणार.

२०२४ च्या 'घोस्टबस्टर्स : फ्रोझन एम्पायर'मध्ये पेक परत आला. चाळीस वर्षांनी, न्यूयॉर्कचा महापौर होऊन. थिएटरात मी एकट्यानेच टाळी वाजवली. शेजारच्या माणसाने माझ्याकडे असं पाहिलं, की मलाच कानाखाली बसते की काय असं वाटलं.