टॉर्चच्या टोकावरचे देव

मराठी माणूस गुहेत शिरला की पहिल्यांदा विचारतो, "कुणी कोरली?" त्याचाही इलाज नाही. शाळेच्या सहली गेल्या त्या कार्ला, कान्हेरी, वेरूळला. सह्याद्रीच्या काळ्या बेसॉल्टमध्ये छिन्नी चालल्याशिवाय बघण्याजोगं काही उघडत नाही. त्यामुळे आंध्रात, अरकूच्या वाटेवर, अनंतगिरीच्या डोंगरातल्या बोर्रा गुहेच्या तोंडाशी आमच्यातल्या एका काकांनी राजघराण्याची चौकशी केली, तर नवल कसलं? गाइड म्हणाला, "पानी ने." काका हिरमुसले. पाण्याचा ना शिलालेख, ना सनावळी.

आणि हे पाणी तरी कसलं? साधं पावसाचं. हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड पिऊन ते किंचित आंबट होतं, चुनखडी विरघळवत खाली झिरपतं, आणि गुहेच्या छताशी आलं की तो वायू सोडून देतं. मग पोटातला चुना त्याला पेलवत नाही. तो तिथंच ठेवून थेंब पुढं जातो. आजीच्या बंबात आतून जो पांढरा थर धरायचा, तोच हा उद्योग. फरक इतकाच की इथं बंब घासायला कुणी आलं नाही. छतावरून लोंबणारा खांब शंभर वर्षांत सेंटिमीटरभर वाढला तरी खूप. त्याला हात लावू नका, हाताचं तेल लागलं की तिथं चुना धरत नाही, असं सांगून होईस्तोवर चार जणांनी हात लावलेला असतो.

गाइडची खरी कमाई मात्र रसायनशास्त्रावर चालत नाही, टॉर्चवर चालते. उजेडाचा ठिपका भिंतीवर फिरतो: हे शिव-पार्वती, हा ऋषी, ही त्याची दाढी, ही मगर, हा माणसाचा मेंदू. नाव ऐकेपर्यंत तिथं नुसता ओबडधोबड दगड असतो. ऐकल्यावर दाढीशिवाय दुसरं काही दिसतच नाही. "दिसलं का?" या प्रश्नाला "नाही" म्हणायची छाती कुणाची होत नाही. मेंदू न दिसणं तर फारच जोखमीचं. इतकी वर्षं खपून पाण्याने जे केलं ते कशासारखंच नाही, हे आपल्याला सोसत नाही बहुधा. गुराख्याची गाय छताच्या भोकातून आत पडली, तिला शोधताना त्याला पिंड दिसली, म्हणून इथं महादेव आहे, अशी कथा सांगतात. म्हणजे पहिला गाइड तोच.

आत शिव-पार्वती भेटले तेव्हाच आमच्या काकू अस्वस्थ झाल्या होत्या. आई-वडील आहेत आणि मुलगा नाही? त्यांनी गाइडच्या हातून टॉर्च घेतली आणि एका कोपऱ्यात गणपती काढलाच. लगेच वाद पेटला, सोंड डावी की उजवी. उजवी ठरली तर कडक देव, आणि आम्ही सगळे पायात चपला घालून. सोंड कुठली हे समोरून बघायचं की देवाच्या बाजूने, यावर मागची रांग खोळंबली. शेवटी काकांनी डावी जाहीर केली, चपला वाचल्या.

बाहेर पडताना मागून गाइडचा आवाज आला. नव्या घोळक्यासमोर टॉर्च त्याच कोपऱ्यावर होती, आणि तो ठामपणे सांगत होता, "ये गणेशजी, बहुत पुराने."