दरड: एक व्यवहारोपयोगी परिचय

दरड म्हणजे डोंगराने अंगावरून झटकलेला डोंगर. भूगोलाच्या पुस्तकात तिला भूस्खलन म्हणतात आणि डब्यात अडकलेला प्रवासी तिला ‘झालं कल्याण!’ म्हणतो. ‘दरड’ आणि ‘दरडावणे’ यांचा व्युत्पत्तीने काही संबंध असो वा नसो, छोट्या स्थानकावरच्या स्टेशन मास्तरला दोन्ही एकाच दिवशी भोगावे लागतात.

दरडीच्या कारणांत पाऊस, खडक आणि उतार ही तीन मुख्य मानली जातात. चौथे कारण प्रस्तुत नोंदीच्या लेखकाचा पायगुण. लेखकाने पावसाळ्यात कोकणात केलेल्या चार प्रवासांपैकी तीन वेळा मार्ग बंद पडला. चौथ्या वेळी गाडी अगदी वेळेवर सुटली, पण लेखक स्थानकावर पोहोचायच्या आत.

या विषयाच्या अभ्यासाला कोकण रेल्वेइतके सोयीचे ठिकाण नाही. रोहा ते ठोकूर हा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग १९९० साली हाती घेतला गेला आणि जानेवारी १९९८ मध्ये पूर्ण खुला झाला. त्यावर नव्वदहून अधिक बोगदे आहेत आणि लहानमोठे पूल जवळजवळ दोन हजार. बोगदा आणि पूल यांच्या मधे जे उरते तिथे डोंगर उभा चिरून वाट काढली आहे. बोलीत तिला कटिंग म्हणतात. वरच्या थरात जांभा, त्याखाली मऊ तांबडी माती, तिच्या खाली काळा पाषाण. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस या थरांतून झिरपतो, पाषाणाशी अडतो आणि वरच्या मातीला आतून सैल करतो. कोरड्या दिवसांत दगडासारखी वाटणारी भिंत जुलैत भिजलेल्या बिस्किटासारखी वागते. म्हणून डोंगरमाथ्यावर पाणी वळवणारे चर खणतात, उतारावर लोखंडी जाळ्या टाकतात, सिमेंटचा फवारा मारतात, पायथ्याला भिंत बांधतात. तरी पाणी वाट काढतेच.

लेखकाच्या पिशवीतली सुकटही याच नियमाने वागते. मार्ग बंद पडलेल्या तीन प्रवासांपैकी एकात ती बोरिवलीच्या मेहुण्यासाठी नेत होतो, वजन दोन किलो, आवरणे तीन: वर्तमानपत्र, प्लॅस्टिक आणि वर बायकोने खास शिवलेली कापडी थैली. रत्नागिरीपर्यंत वास आत होता. त्यानंतर त्याचे भूस्खलन झाले. समोरच्या बाकावरच्या काकूंनी आधी पदर नाकाला लावला, मग खिडकी उघडली, मग पाऊस आत आला, मग खिडकी लावली. हा क्रम पुढचे अठरा तास चालला.

दरड पडली हे कळते कसे? पर्जन्यमापक आहेत, काही नद्यांच्या पुलांवर पाण्याची पातळी सांगणारी यंत्रणा आहे. पण मुख्य यंत्रणा म्हणजे चालणारा माणूस. पावसाळ्यात धोक्याच्या कटिंगवर रात्रंदिवस गस्त असते. गस्तवाल्याकडे बॅटरी, लाल झेंडी, वॉकी-टॉकी आणि फटाके असतात. हे फटाके दिवाळीचे नव्हेत. ही चपटी डबी रुळाला बांधतात, चाक वरून गेले की ती फुटते आणि इंजिनातल्या माणसाला थांबायला सांगते. अडथळ्यापासून सहाशे मीटरवर एक, बाराशे मीटरवर तीन, त्या तिन्हींत दहा-दहा मीटरचे अंतर, असा नियम आहे. मार्ग बहुतांशी एकेरी असल्यामुळे गाडी कुठल्याही बाजूने येऊ शकते. म्हणजे ढिगारा दिसला की दोन्ही दिशांना धावायचे, अंधारात, ओल्या खडीवर, वरून अजून काय येणार आहे हे ठाऊक नसताना. डब्यात गाढ झोपलेल्या माणसाचे आयुष्य त्या धावण्यावर टांगलेले असते आणि त्याची तक्रार चहा गार असल्याची असते.

२२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कारवारहून मुंबईकडे निघालेली सुट्टीची विशेष गाडी ढिगाऱ्यावर आदळली. पन्नासहून अधिक माणसे गेली. पुढच्याच जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस रुळांवर आलेल्या दगडांमुळे पुलावरून कोसळली. आज मुसळधार पावसात समोरचे दिसेनासे झाले की चालक वेग ताशी ४० किलोमीटरवर आणतो. वैतागलेल्या प्रवाशाने तेव्हा ही दोन गावे आठवावीत. लेखकालाही ती उशिराच आठवली, घड्याळ बघून तीनदा ‘बैलगाडी’ म्हणून झाल्यावर.

दरडीची खबर नियंत्रण कक्षाकडे गेली की पहिला प्रश्न ती कधी निघेल हा नसतो. आत्ता कुठली गाडी कुठे आहे, हा असतो. एकेरी मार्गावर गाड्या एकमेकींना फक्त स्थानकात ओलांडू शकतात. मधेच एक अडली की मागच्या सगळ्यांना जागा शोधावी लागते, आणि तीही शक्यतो मोठ्या स्थानकात, जिथे पाणी, खाणे आणि बाहेर पडायला रस्ता आहे. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला पूर आला तेव्हा ठिकठिकाणी थांबवलेल्या गाड्यांत सुमारे सहा हजार प्रवासी होते. मोठी स्थानके अर्थातच कमी आणि लवकर भरतात. सुकटीच्या प्रवासात पुढे दरड पडली तेव्हा लेखकाची गाडी त्यामुळे रत्नागिरी आणि चिपळूण यांच्या मधल्या एका अशा स्थानकात लागली, जिथे एक फलाट, एक पिंपळ, एक कुत्रा आणि एक स्टेशन मास्तर होते. कुत्र्याला सुकटीचा पत्ता दोन मिनिटांत लागला. तो डब्याच्या दारात बसला आणि शेवटपर्यंत हलला नाही.

प्रवासी स्टेशन मास्तरला एकच प्रश्न विचारतो: ‘गाडी कधी सुटणार?’ बाराशे प्रवाशांनी तो प्रत्येकी दोनदा विचारला तर चोवीसशे वेळा होतो. मास्तरांचे उत्तर दर वेळी तेच होते, ‘कंट्रोलचा फोन आला की.’ एका आजोबांनी त्यांना मोरारजींच्या काळात गाड्या कशा वेळेवर धावत ते सांगितले. मोरारजींच्या काळात ही रेल्वे नव्हती, हे मास्तरांनी सांगितले नाही. सरकारी नोकरीत संयमाचे प्रशिक्षण देत असावेत.

यानंतर येते मार्ग वळवणे. अजून मागे असलेल्या गाड्यांना कोकणातून काढून मडगाव, लोंढा, मिरज, पुणे अशा लांबच्या वाटेने पाठवतात. मग ‘झालं कल्याण’ हे अक्षरशः खरे ठरू शकते, कारण गाडी शेवटी तिथूनही येते. नकाशावर ही रेघ सोपी दिसते. प्रत्यक्षात समुद्रसपाटीला असलेल्या गाडीला कुळे ते कॅसलरॉक असा सह्याद्री चढावा लागतो आणि लोणावळा ते कर्जत असा पुन्हा उतरावा लागतो. दोन्ही घाटांचा चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की एक मीटर वर. माणसाला हा चढ जाणवतही नाही, पण रेल्वेसाठी तो भिंत आहे. मागून ढकलायला जादा इंजिने लावावी लागतात. शिवाय कोकणातला चालक मिरजेला गाडी नेऊ शकत नाही. ज्या मार्गाचे वळण, सिग्नल आणि उतार त्याने शिकून, सही करून, पाठ केलेले नाहीत तिथे त्याला गाडी चालवता येत नाही. त्यामुळे सीमेवर दुसरा चालक हवा, तो विश्रांती घेतलेला हवा आणि तो तिथे नेमका तेव्हा हजर हवा. तोवर इकडच्या चालकाचे कामाचे तास संपत आलेले असतात. मुंबईला पोहोचणारी गाडीच काही तासांत धुऊन, पाणी भरून परत निघणार असते, म्हणजे रत्नागिरीत पडलेल्या दरडीमुळे दादरला उभा असलेला कोरडा माणूसही लटकतो.

वळवलेला मार्ग सुरक्षित असतोच असे नाही. २३ जुलै २०२१ ला मंगळूरहून मुंबईला निघालेली गाडी चिपळूणच्या पुरामुळे याच वाटेने वळवली. दूधसागरजवळ तिच्यावर दरड आली आणि इंजिन व पहिला डबा रुळांवरून उतरला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. आगीतून फुफाट्यात ही म्हण बनवणाऱ्याला पावसाळी पर्याय सुचला नव्हता. लेखक त्या गाडीत नव्हता, हे पायगुणाचा आरोप करणाऱ्या नातेवाइकांसाठी इथे नमूद केले आहे.

तिसरा उपाय एसटी. दरडीच्या अलीकडे गाडीतून उतरायचे, बसने पलीकडे जायचे. हिशोब सरळ आहे: एका बसमध्ये चव्वेचाळीस माणसे, बाराशे प्रवाशांना सत्तावीस-अठ्ठावीस बस. या हिशोबात सामान धरलेले नाही. गावाहून परतणारा मुंबईकर एक माणूस म्हणून मोजला जातो, पण त्याच्याबरोबर तांदळाची गोणी, दोन नारळाची रोपे आणि कुळथाचे पीठ असते. रात्री नऊला पहिली बस स्थानकाबाहेर आली. लेखक चपळाईने चढला, खिडकी मिळवली आणि पिशवी मांडीवर घेतली. दोन मिनिटे शांतता होती. मग मागून आवाज आला, ‘कोण आहे रे तो?’ वाहकाने दिवा लावला, नाकाने माग काढत आला आणि नम्रपणे म्हणाला, ‘काका, पिशवी टपावर ठेवू या.’ टपावर पाऊस कोसळत होता. भिजलेली सुकट बोरिवलीला नेण्यात अर्थ नव्हता. लेखक खाली उतरला. बसमधल्या प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या असे म्हणणे अतिशयोक्ती होईल, पण दोघांनी वाजवल्या.

प्रत्यक्ष ढिगारा उपसणे हे वाटते त्याच्या उलट काम आहे. पोकलेनने पायथ्याची माती उचलली की वरच्या मातीचा आधार जातो आणि तेवढीच पुन्हा खाली येते. म्हणून आधी वरचा सैल भाग उतरवतात, मोठे दगड फोडतात, मग रूळ मोकळे करतात. यंत्र कटिंगमध्ये न्यायला रस्ता नसतो. कधी ते वॅगनवर चढवून रुळांवरूनच न्यावे लागते. पाऊस थांबत नाही तोवर वर एक माणूस फक्त डोंगराकडे बघत उभा असतो, शिट्टी तोंडात धरून. १४ जुलै २०२४ ला विन्हेरे आणि खेड यांच्या मधे दिवाणखवटी बोगद्याजवळ दरड आली तेव्हा मार्ग मोकळा व्हायला साधारण एक दिवस लागला. हे काम पाहिले की एक दिवस कमी वाटतो.

मध्यरात्री फलाटाच्या टोकाशी असलेल्या खोलीत चूल पेटली. पाळी संपवून आलेले पाच ट्रॅकमन भात शिजवत होते. अंगावरून पाणी गळत होते, एकाच्या बुटातून चिखल निघत होता. लेखक तिथे चहाच्या आशेने गेला होता. भात होता, मीठ होते, सोबत काहीच नव्हते. बाजारात जायला कुणाला वेळ झाला नव्हता. लेखक डब्यात परत गेला, थैली उचलली आणि त्यांच्यासमोर ठेवली. सगळ्यात लहान होता त्याने वास घेतला आणि म्हणाला, ‘आमच्याकडची वाटते.’ तो मूळचा हर्णैजवळचा निघाला. एवढ्यात मागे कोणी उभे असल्याचे जाणवले. समोरच्या बाकावरच्या काकू होत्या, पदर अजून नाकाला, हातात चार कांदे. ‘नुसती नका परतू,’ त्या म्हणाल्या, ‘बाजूला व्हा.’ त्यांनी तव्यावर सुकट कोरडी भाजली, कांदा घातला, तिखट टाकले, शेवटी कुणाच्या तरी सामानातले आमसूल. दोन किलो सुकटीतली एक मूठही उरली नाही, कारण वासाने आणखी वीस-पंचवीस माणसे आली. स्टेशन मास्तर उभ्याने जेवले, फोनकडे कान ठेवून. कुत्र्यालाही मिळाले.

मार्ग मोकळा झाला तरी लगेच प्रवासी गाडी सोडत नाहीत. रूळ तपासतात, खडी ठोकून बसवतात, मग एकटे इंजिन जाते आणि त्याच्यामागे बहुधा मालगाडी. चालकाला लेखी ताकीद मिळते: अमुक खांबापासून तमुक खांबापर्यंत इतकाच वेग. ही वेगमर्यादा काही दिवस राहते आणि पायरीपायरीने वाढवतात. लेखकाची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जागेवरून माणसाच्या चालीने गेली. डब्यातले सगळे एका बाजूच्या खिडक्यांना लागले. बाहेर तांबड्या मातीची भिंत, तिच्यावर मुळांसह लोंबकळणारा आंबा आणि रुळांपासून दोन हातांवर पहारी टेकून उभी असलेली माणसे. त्यांनी गाडीकडे पाहिले नाही, ती वर डोंगराकडे बघत होती. काकूंनी हात हलवला. परशुराम, वाशिष्ठी आणि सावित्री ही प्रेक्षणीय स्थळे लेखकाने झोपेत पाहिली.

बोरिवलीला मेहुण्यास दरडीची सविस्तर माहिती देण्यात आली: जांभा, फटाके, सहाशे मीटर, ३७ ला १ चा चढ. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘सुकट?’

पावसाळी वेळापत्रक अनेक वर्षे १० जून ते ३१ ऑक्टोबर असे असे. २०२५ साली ते १५ जून ते २० ऑक्टोबर झाले. त्यानंतर गाड्या पुन्हा पूर्ण वेगाने धावतात. लेखकाने पुढच्या खेपेसाठी नोव्हेंबरचे तिकीट काढले आहे. नोव्हेंबरात दरड पडण्याचा संभव फार कमी असतो. ट्रॅकमनच्या खोलीत मात्र ही तारीख आधीच कळवून ठेवली आहे.