उरलेल्या जागेतल्या बगीच्याच्या निर्मात्यास

सन्माननीय कॉलोनायझर साहेब,
मुक्काम बालाघाट.

आपण आमच्या कॉलनीला बगीचा दिलात, त्याचे जाहीर आभार मानायचे राहूनच गेले होते. आपल्या जाहिराती पहिल्या पानावर झळकतात, आमचे आभार निदान आतल्या पानावर छापून यावेत, म्हणून हा पत्रप्रपंच.

आपल्या माहितीपत्रकातल्या नकाशावर हिरवा रंग सढळ हाताने ओतलेला होता. कॉलनीच्या नावातही ‘ग्रीन’ होतंच. रजिस्ट्री झाल्यावर आम्ही तो हिरवा रंग प्रत्यक्षात कुठे आहे ते पाहायला निघालो. सापडला. नाल्याच्या कडेला, ट्रान्सफॉर्मरच्या मागे, दोन रस्ते तिरके मिळतात त्या कोपऱ्यात. आकार त्रिकोणी. आत एक घसरगुंडी. तिचा पत्रा चैत्रापासून असा तापतो की दिवेलागणीपर्यंत पोरं जवळ फिरकत नाहीत, आणि दिवेलागणीला चौकीदार फाटकाला कुलूप घालतो. त्यामुळे घसरगुंडी अजून नवीकोरी आहे. टिकाऊ कामाबद्दल अभिनंदन.

आमच्यात काही खवचट मंडळी आहेत. त्यांनी राष्ट्रीय इमारत संहिता धुंडाळली. ती म्हणते, ले-आउटमध्ये किमान १५ टक्के जागा मोकळी हवी, तिचा तुकडा ४५० चौरस मीटरहून लहान नको, सरासरी रुंदी साडेसात मीटरहून कमी नको. आपण टक्केवारी भरलीत, यात वाद नाही. नाल्याची कड, विजेच्या तारांखालची पट्टी, चौकातलं वर्तुळ आणि आमचा त्रिकोण, बेरीज चोख! तुकड्यांची मापं तेवढी कुणी काढू नयेत. केंद्राच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक सूचनांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळ्या जागेची गोष्ट आहे. ती आम्ही मुलांना झोपताना सांगतो.

“बालाघाटात बगीचा कशाला हवा? अख्खा जिल्हाच जंगल आहे,” असं आपण ऑफिसात बोललात. पटलं बुवा. जिल्ह्याची निम्म्याहून अधिक जमीन वनाखाली आहे, कान्हा राष्ट्रीय उद्यानाचं मुक्की फाटक आमच्याच जिल्ह्यात आहे. तेव्हा गुडघेदुखीने बेजार झालेल्या आमच्या आईने रोज सकाळी परमिट काढावं, जिप्सी ठरवावी, गाईड घ्यावा आणि पाय मोकळे करून यावं. गाडीतून खाली उतरायची तिथे मनाई आहे, पण ते वाघाच्या सोयीसाठी. पावसाळ्यात उद्यान बंद असतं, तेव्हा आई घरातच येरझारा घालेल.

आपली कॉलनी जिथे उभी आहे तिथे धानाच्या बांध्या होत्या. ज्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तो पिकवणारा हा मुलूख. बांध्यांच्या वरच्या अंगाला एक बोडी, म्हणजे लहान तळं, होती, पाळीवर मोहाची आणि आंब्याची झाडं होती. सावली आयती, पाणी आयतं, शेजारपाजारच्या बायकांची बसायची जागाही आयती. आपण मुरूम टाकून बोडी बुजवलीत, मोह तोडलात, आणि त्रिकोणात ड्युरांटाची रोपं लावून त्यांना टँकरने पाणी घालता. बोडीचं पाणी मात्र जुन्या सवयीचं. दर आषाढात ते आपली जागा शोधत येतं आणि आता तिथे राहणाऱ्यांच्या बैठकीत थांबतं.

बोडी राखूनही कॉलनी बसवता येते, हे सांगायला परदेशी जायला नको. स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस आपल्याच राज्यात येऊन गेले. होळकरांच्या इंदूरसाठी त्यांनी १९१८ साली नगररचनेचा अहवाल लिहिला. तलाव बुजवायला त्यांचा विरोध असे, कारण तलाव हवा गार ठेवतो आणि पुराचं पाणी पोटात घेतो. असा माणूस आपल्या ऑफिसात नोकरीला टिकला नसता.

आपल्याकडे नकाशा आखायचा क्रमच उलटा. आधी रस्त्यालगतचे प्लॉट, मग कोपऱ्याचे प्लॉट, मग आतले, आणि जे विकलं जाणार नाही ते मुलांना. विकासकामं पुरी होईपर्यंत नगरपालिका आपले २५ टक्के प्लॉट गहाण ठेवून घेते. आमची नम्र सूचना आहे की त्यात सगळ्यात महागडे, कोपऱ्याचे प्लॉट असावेत आणि बगीच्यात झाड जगल्याशिवाय ते सोडू नयेत. मग बघा मोह कसा वाढतो! दुसरी सूचना, नकाशावर पहिली रेघ बगीच्याची मारावी. बोडी, जुनी झाडं आणि प्रत्येक घरापासून पायी गाठता येईल अशी सलग जागा आधी ठरवावी, प्लॉट मग पाडावेत. बगीच्यासमोरच्या प्लॉटला आपण जादा भाव लावताच. तेव्हा धंद्यात खोट येणार नाही.

आणि हो, त्रिकोणावर दवाखाना बांधून द्यायचा आपला विचार आहे असं कानावर आलं. भावना थोर आहे. मात्र बंगळुरूच्या राजमहल विलास एक्स्टेन्शनमध्ये बगीच्याची राखीव जागा अशीच खासगी नर्सिंग होमला दिली होती. रहिवासी भांडले आणि १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्द ठरवलं. आमचा त्रिकोण वाईट असला तरी आमचा आहे.

आपला कृपाभिलाषी,
एक प्लॉटधारक

ता. क. : मंजूर नकाशातली सामायिक जागा बदलायची तर रेराच्या कायद्यानुसार दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते. सह्या घ्यायला कधीही या. सगळे घरीच भेटतील. बाहेर बसायला जागा आहे कुठे?