कोठीचे मामा

मालकाला भिऊन वागणारे लोक कारखान्यात पुष्कळ असतात, परंतु मालकाची गाठ वर्षाकाठी एकदोनदाच पडत असल्यामुळे त्या भीतीला नित्याच्या व्यवहारात फारसे स्थान नसते. फोरमनला भिणारेही असतात, परंतु फोरमनला स्वतःच्या वरिष्ठांचे भय असल्याने त्याचा राग दुपारच्या भोंग्यापर्यंत निवळतो. ज्याच्यापुढे टर्नर, फिटर, लोहार आणि खुद्द फोरमन हे सारे सारख्याच नम्रतेने वाकतात तो पुरुष म्हणजे हत्यारांच्या कोठीचा कोठावळा, आणि वाकतात हे मी अलंकाराने म्हणत नाही, कारण कोठीची जाळीची खिडकी मुद्दाम इतकी खाली ठेवलेली असते की कमरेत वाकल्यावाचून आतल्या माणसाचे तोंड दिसू नये.

पगारपत्रकावर त्याचा हुद्दा काहीही असो, कामगार त्याला मामा म्हणतात. खाकी कोट, कानावर तासलेली पेन्सिल, नाकाच्या शेंड्यावर चष्मा आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा हा त्यांचा गणवेश. जुडग्यातल्या एकाही किल्लीवर क्रमांक नसतो, कारण किल्लीवर क्रमांक घालणे म्हणजे चोराला आपल्या हाताने पत्ता लिहून देणे होय. परिणामी मामा ज्या दिवशी आजारी पडतात त्या दिवशी कारखानाही आजारी पडतो. अर्देशिर गोदरेज यांनी 1897 साली मुंबईत कुलपांचा कारखाना काढल्यापासून या देशातले कुलूप सुधारले हे मामांना मान्य आहे, पण कडीकोयंडा होता तेथेच राहिला अशी त्यांची रास्त तक्रार असते. शहाणा चोर कुलपाच्या वाटेला जात नाही. तो कोयंड्याचे चार स्क्रू काढतो आणि कुलूप शाबूत ठेवून आत शिरतो. म्हणून कोठीच्या दाराला मामांनी स्क्रूऐवजी आरपार बोल्ट घालून ते आतून रिबीट करून घेतलेले असतात. "स्क्रू असते तरी अडचण नव्हती," असे ते वर सांगतात, "स्क्रू काढायला पेचकस लागतो, आणि पेचकस कोठीत. चोराला आधी माझ्याकडे बिल्ला जमा करावा लागला असता."

या बिल्ल्यांची पद्धत ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा केला पाहिजे. कामावर रुजू होताना प्रत्येक कामगाराला त्याचा हजेरी-क्रमांक ठोकलेले काही पितळी बिल्ले मिळतात. हत्यार नेताना एक बिल्ला खिडकीत द्यायचा, मामा तो हत्याराच्या रिकाम्या खुंटीवर अडकवतात, आणि हत्यार परत आले की बिल्ला परत. बिल्ले संपले की माणूस निःशस्त्र झाला. बिल्ला हरवला की दंड. आणि नोकरी सोडताना सगळे बिल्ले मोजून दिल्याखेरीज हिशेबाचा पैसा हाती पडत नाही. खुंट्यांच्या फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती काळ्या रंगाने काढलेली असते, त्यामुळे पाना जागेवर नसला तरी त्याची सावली जागेवर असते. व्यवस्था इतकी निर्दोष आहे की तीत केवळ एकच वैगुण्य शिल्लक राहते, ते म्हणजे हत्यारे बाहेर द्यावी लागतात. आणि हे वैगुण्य होता होईल तो कमी करण्याचा मामा आठ तास प्रामाणिक प्रयत्न करतात.

"मामा, दहा-अकराचा पाना द्या."

"कशाला हवाय रे?"

"नट खोलायचाय."

"तो आवळला कोणी?"

"पहिल्या पाळीवाल्यानं."

"मग त्याच्याकडं पाना असणार. पाना नसता तर त्यानं आवळला कशानं? त्याच्याकडून घे."

या युक्तिवादाला न्यायशास्त्रात उत्तर नाही. कामगार निमूटपणे परत जातो, पहिल्या पाळीचा माणूस एव्हाना घरी पोहोचून जेवत असतो, आणि तो नट छिन्नी-हातोडीने उडवला जातो. छिन्नी कोठून आली हे मामांनी विचारू नये एवढीच मग सर्वांची इच्छा असते. मायक्रोमीटरची तर गोष्टच निराळी. मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजणारे ते नाजूक यंत्र मखमलीच्या पेटीत, पेटी कपाटात आणि कपाट मामांच्या पाठीशी असते. ते मागायला आलेल्या माणसाकडे मामा वधूपित्याच्या नजरेने पाहतात.

तरी मामांना केवळ हेकट समजणे अन्यायाचे होईल. त्यांचे शल्य चोर हे नसून उसनवारी करणारा हे आहे. चोराचे एक बरे असते: तो रात्री येतो, कुलूप फोडतो, पंचनामा होतो, फिर्याद दाखल होते, आणि गहाळ वस्तूंची फेरिस्त दप्तरी लागून सगळ्यांची जबाबदारी संपते. उसने नेणारा दिवसाढवळ्या येतो, हसतो, मुलांची विचारपूस करतो आणि "जरा" म्हणून हत्यार नेतो. हा जरा संपत नाही. पाना त्याच्याकडून शेजारच्या लेथवाल्याकडे, तेथून भट्टीवर, भट्टीवरून डब्याच्या पिशवीत आणि पिशवीतून कोणाच्या तरी परसातल्या पंपापाशी जातो, आणि या साऱ्या प्रवासात एकाही माणसाच्या मनाला चोरीचा स्पर्श झालेला नसतो. स्वतःच्या हत्यारांवर पोट भरणारा सुतार असे कधी होऊ देत नाही. परगावी कामाला गेला तर हत्यारांची पिशवी उशाला घेऊन निजतो, आणि सख्ख्या भावाने रंधा मागितला तरी "तुला काय तासायचंय ते इकडं आण, मी तासून देतो" म्हणतो. कारण पटाशी गेली की उद्याची मजुरी गेली, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. कारखान्यातल्या पान्याला असा धनी नसतो. ती धन्याची जागा मामांनी पगाराबाहेर पत्करलेली असते, आणि माझ्या मते त्यांच्या सगळ्या विक्षिप्तपणाचे मूळ येथे आहे.

धनीपणाबरोबर मामांनी कायद्याचा व्यासंगही पत्करला. तेव्हा लागू असलेल्या दंडसंहितेची कलमे त्यांना स्तोत्रासारखी पाठ. 378व्या कलमाप्रमाणे वस्तू फाटकाबाहेर जावीच लागे असे नव्हे, ती जागची हलली की चोरी पूर्ण होई. 381व्याप्रमाणे नोकराने मालकाची वस्तू चोरली तर सात वर्षांपर्यंत कैद. या हिशेबाने खुंटीवरून खाली आलेला प्रत्येक पाना हा त्यांच्या लेखी मुद्देमालच. कायद्याने अप्रामाणिक हेतूची अट घातलेली होती, ही गोष्ट आमच्या हिशेब-कचेरीतल्या एका वकिलीच्या विद्यार्थ्याने त्यांच्या नजरेस आणून दिली, तेव्हा "हेतू तुम्ही बघा, खुंटी मी बघतो" असा कार्यविभाग त्यांनी तेथल्या तेथे ठरवून टाकला.

माणसांवर विश्वास टाकावा, असा उपदेश त्यांना पुष्कळांनी केला. किर्लोस्करवाडीत आरंभीच्या काळात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तुरुंग भोगून आलेल्या माणसांनाच राखणीवर नेमले, औंध संस्थानात 1939 साली स्वतंत्रपूरला भिंतीवाचून कैद्यांची वसाहत उभी राहिली, ही उदाहरणे त्यांच्यापुढे मांडण्यात आली. त्या वसाहतीच्या प्रयोगावरून शांतारामबापूंनी काढलेला 'दो आँखें बारह हाथ' हा बोलपट 1957 साली आला, तेव्हा कामगारांनी वर्गणी काढून मामांना तो दाखवलादेखील. मामांनी डोळे पुसले. थिएटराच्या पायऱ्या उतरताना ते गहिवरल्या आवाजात एवढेच म्हणाले, "सगळं खरं. पण त्या सहा कैद्यांकडची कुदळ-फावडी संध्याकाळी कोण मोजून घेत होतं?"

मामांच्या कारकिर्दीतला सर्वांत कसोटीचा प्रसंग मात्र पुण्याच्या जुन्या बाजारात घडला. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या त्या बाजारात मामा दर रविवारी जातात, खरेदीला नव्हे, ओळख पटवायला. पाना, हातोडी यांवर कोठीची खूण ठोकता येते, पण कानशीचे अंग इतके कठीण असते की ठोकू गेल्यास पंचच बोथट होतो. म्हणून मुठीत जाणाऱ्या तिच्या नरम शेपटावर मामा खूण करतात, आणि वर मूठ बसली की ती खूण मामा व परमेश्वर यांच्याखेरीज कोणाला दिसत नाही. बाजारात ते उकिडवे बसून एकेक कानस उचलतात, मुठीची कड दगडावर आपटून ती सैल करतात, शेपूट उजेडाकडे धरतात आणि दुकानदाराच्या शिव्या ऐकत मूठ पुन्हा बसवून ठेवतात. अशाच एका रविवारी त्यांना आमच्या कोठीची खूण असलेली चौदा इंची कानस सापडली.

आनंद क्षणभरच टिकला, कारण पाठोपाठ 411वे कलम आठवले. चोरीचा माल चोरीचा आहे हे जाणून विकत घेणारा गुन्हेगार. म्हणजे कानस घ्यावी तर तीन वर्षांपर्यंत कैद, न घ्यावी तर कर्तव्यच्युती. (येथेही 'अप्रामाणिकपणे' हा शब्द कलमात होता आणि येथेही तो मामांच्या पाठांतरातून निसटला होता.) बराच वेळ उन्हात उभे राहून त्यांनी जो तोडगा काढला तो एखाद्या निष्णात वकिलाला शोभला असता: घरी जाऊन त्यांनी भाच्याला काही न सांगता पैसे दिले आणि त्या दुकानातून अमुक ठिकाणी ठेवलेली कानस घेऊन यायला पाठवले, म्हणजे घेणाऱ्याला चोरीचे ज्ञान असण्याचा संभवच उरला नाही. सोमवारी मामा विजयी मुद्रेने वह्या काढून बसले. दुपारी त्यांना नोंद सापडली. ती कानस दाते झिजल्यामुळे रद्द ठरून भंगाराच्या लिलावात रीतसर विकली गेली होती, आणि रद्दच्या हुकुमाखाली सही मामांचीच होती. त्या दिवसापासून भंगारात निघणाऱ्या प्रत्येक कानशीचे शेपूट कापून घेऊनच ती लिलावाला सोडावी असा शिरस्ता पडला, आणि कापलेल्या शेपटांची वेगळी वही सुरू झाली.

जेथे वही, बिल्ला आणि दंडसंहिता चालत नाही तेथे मामा धर्माचा आश्रय घेतात. खंडेनवमीला कारखान्यात हत्यारांची पूजा होते. आधी आठवडाभर मामा खिडकीतून सहज बोलल्यासारखे म्हणत राहतात की, ज्या हत्याराला नवमीला हळदकुंकू लागत नाही ते वर्षभर माणसाच्या हाताला लागल्याशिवाय राहत नाही. हे वचन कोणत्या ग्रंथातले, हे कोणी विचारत नाही. अष्टमीच्या रात्री कोठीच्या दाराबाहेर ते एक रिकामे घमेले ठेवतात, तेथला दिवा मालवतात आणि त्या रात्रीपुरते राखणदारालाही फाटकाशी बसायला सांगतात. सकाळी घमेल्यात पाने, पकडी, गुण्या, दोन वर्षांपूर्वी सावली होऊन बसलेली हातोडी, सारे काही असते. काही हत्यारांना तर घरची माउली तेलपाणी करून पाठवते. मामा कोणाकडेही न बघता ती धुऊन पाटावर मांडतात, झेंडूची फुले वाहतात आणि आरती झाल्यावर दार लावून एकेक नग वहीत जमा करतात. वार्षिक मोजदादीत दंडाच्या धाकाने जेवढे परत येत नाही तेवढे या घमेल्यात येते, हे हिशेब-कचेरीत बसून मी पाहिलेले आहे.

त्याच घमेल्याने त्यांना शेवटी अडचणीत आणले. निवृत्तीच्या वर्षी चार्ज देताना सर्व खुंट्या भरल्या, सर्व बिल्ले जुळले, आणि दहा-अकराचा एक पाना जास्त निघाला. तूट आली असती तर मामांनी पदरची रक्कम भरून विषय मिटवला असता. पण वाढाव्याला भरपाई कशी करणार? पान्यावर खूण होती ती दुसऱ्याच कुठल्यातरी कारखान्याची. कोणी भाविकाने नवमीच्या धाकाने, आपण तो मुळात कोठून आणला हे विसरून, आमच्या घमेल्यात टाकला असणार. तो स्वीकारावा तर 411वे कलम. फेकावा तर परक्या मालाची अफरातफर. चौकशी करावी तर पुढल्या नवमीला घमेले रिकामे. मामांनी वरिष्ठ कचेरीला तपशीलवार अर्ज केला, कचेरीने खुलासा मागवला, खुलाशावर शेरा आला, शेऱ्यावर प्रतिखुलासा गेला. मामा निवृत्त होऊन गावी गेले तरी हे प्रकरण त्यांच्या नावे चालू आहे. पाना अनामत खाती जमा असून निकाल लागेपर्यंत तो कोणत्याही बिल्ल्यावर कोणालाही देऊ नये असा लेखी हुकूम आहे, आणि त्याच मापाचे कोठीतले बाकीचे तिन्ही पाने सध्या बाहेर आहेत.