हलकेभाऊ

आमच्याकडे कोणी घर बांधायला काढलं की येताजाता 'कुठवर आलं?' असं विचारायची रीत आहे. उत्तर खालून वर जातं. जोतं झालं, लिंटल झालं, स्लॅब पडला. हलकेभाऊंना 'गाडी कुठवर आली?' असं विचारा, उत्तर वरून खाली येईल.

"तीन किलो कमी झाली."

दिवाळीला विचारलं तेव्हा पाच किलो कमी झाली होती, होळीला दीड. या हिशेबाने गाडी एव्हाना संपूनच जायला हवी होती. पण मधूनमधून तिला काहीतरी बसवावंही लागतं, आणि त्या बातम्या भाऊ देत नाहीत.

हलकेभाऊ हे नाव गावाने ठेवलेलं. खरं नाव रेशन कार्डावर आहे, ते तिथेच राहू दे. एमआयडीसी असलेल्या प्रत्येक गावात असा एक इसम सापडतोच. दिवसभर दुसऱ्याचं लोखंड जोडतो आणि रात्री स्वतःचं. आमच्या कळमेश्वरच्या वाट्याला हे आले. धंद्याने वेल्डर, वय पन्नाशीपलीकडे, शर्टाला पोटावर ठिणग्यांची बारीक भोकं. वहिनी म्हणतात, "आता तरी नवा घ्या." भाऊ म्हणतात, "काऊन? हवेशीर हाय, अन् हलकाबी."

रोग लागला भाच्यापायी. इंजिनिअरिंगची पोरं 'सुप्रा' नावाच्या स्पर्धेसाठी एकट्याने बसायची रेसगाडी बांधतात. नळ्यांचा सांगाडा, मधे सीट, पाठीमागे मोटरसायकलचं इंजिन, पुष्कळदा केटीएम ड्यूकचं ३७३ सीसीचं. वर नियम असा, की इंजिनात जाणारी सगळी हवा २० मिलिमीटरच्या एकाच भोकातून गेली पाहिजे. "म्हंजे बैलाले मुस्कं," हे भाऊंचं स्पष्टीकरण. भाच्याच्या टोळीला वेल्डिंग करून द्यायला ते एका रविवारपुरते गेले आणि तीन रविवार तिकडेच राहिले. परत आले ते इतवारीच्या लोहाओळीतून नळ्या घेऊन. शिमलेस नळीचा भाव ऐकून आधी बाहेर येऊन चहा प्यायले म्हणे. मग डोक्यावरच्या कमानीपुरती शिमलेस घेतली, बाकी जोडाची.

नळीला नळी भिडवणं हे काम बघण्यासारखं असतं. टोक माशाच्या तोंडासारखं कोरावं लागतं, नाहीतर फट राहते, आणि फटीवर टाका मारायला जावं तर पातळ नळीला भोक पडतं. भाऊ ग्राइंडरने दोन घास काढतात, नळी डोळ्यासमोर धरून फुंकर मारतात, जागेवर भिडवतात आणि मागून बॅटरीचा उजेड टाकतात. उजेड दिसला की पुन्हा ग्राइंडर. एका सांध्याला पाऊण तास. तेवढ्यात माझ्या पंचवीस पोळ्या होतात, हा हिशेब वहिनींचा.

सांगाड्यात जिकडेतिकडे त्रिकोण का, हे मला त्यांनी बाजेवर समजावलं. जुनी बाज उशाकडून ढकलली की चौकट तिरकी होते आणि कुईकुई करते. तीच एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात काठी ठोकून बघा, मुकाट उभी राहते. "चौकोन खोटा बोलते गुरुजी, त्रिकोन नाही बोलत." मला पटलं म्हणून मी मान हलवली, तिथेच चुकलं. दुसऱ्या दिवशी शाळेतून येतो तो माझ्या फाटकाला तिरपी नळी वेल्ड केलेली. फाटक आता अजिबात डुगडुगत नाही. पूर्ण उघडतही नाही.

इंजिन कबाड्याकडचं, पल्सर १८० चं. गाडीची समोरासमोर टक्कर झाली होती, इंजिन मात्र ठणठणीत. ते पाठीशी बसवायचं म्हणजे माणूस आणि इंजिन यांच्यामध्ये पत्र्याचा आडपडदा हवा. कळमेश्वरात पत्र्याला काय तोटा? गॅल्व्हनाइज्ड आणि रंगीत पत्र्याचा मोठा कारखानाच इथे आहे. पण भाऊंनी उचलला तो घरच्या कुलरचा, कारण तो अगदी मापात बसला. महिना मे. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो आणि कुलर हा घरातला कर्ता पुरुष असतो. वहिनी त्याच दिवशी माहेरी गेल्या. जाताना कुलरची मोटर आणि तिन्ही बाजूंच्या जाळ्या बरोबर घेऊन गेल्या. "ठेवल्या त गाडीले लावतील," असं शेजारी सांगून.

मोटरसायकलला रिव्हर्स गियर नसतो, हे मी त्यांना भीत भीत सांगितलं. "हाय ना," म्हणाले आणि गल्लीतल्या दोन पोट्ट्यांना हाक मारली. पोट्ट्यांनी शेपटाकडून गाडी उचलली आणि तोंड फिरवून ठेवली. "पाहा. हलकी असन त रिव्हर्स कायले लागते?" डिफरन्शियलही नाही. चेन सरळ मागच्या अखंड दांड्यावर. बंडीची दोन्ही चाकं आपापली फिरतात, म्हणून वळताना बाहेरचं जास्त चालतं आणि आतलं कमी. इथे दोघं एकाच दांड्याला जखडलेली, त्यामुळे वळवायला गेलं की गाडी आधी सरळच जायला बघते. भाऊ हे दोष म्हणून सांगत नाहीत, स्वभाव म्हणून सांगतात.

शेडमध्ये गजानन महाराजांच्या फोटोखाली एक छापून आणलेला फोटो आहे, इंग्लंडच्या कूपर बापलेकांच्या गाडीचा. चार्ल्स आणि जॉन. १९४६ मध्ये त्यांनी दोन फियाट टोपोलिनोंचे पुढचे भाग एकमेकांना जोडले आणि ५०० सीसीचं जॅप मोटरसायकल इंजिन मागे टाकलं. मागे का, तर चेन मागच्या चाकाला न्यायची होती. पुढे त्याच घराण्याच्या, इंजिन मागे असलेल्या गाडीने १९५९ आणि १९६० अशी दोन वर्षं फॉर्म्युला वन जिंकली आणि सगळ्या जगाने आपली इंजिनं मागे नेली. हे सांगताना भाऊंचा आवाज हरिदासासारखा लागतो. मग ते गाडी देशी वळणावर आणतात: इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी, त्यांची 'मीरा'. आणि मग देवराष्ट्र्याचे दत्तात्रय लोहार. २०२१ च्या डिसेंबरात त्यांच्या भंगारातून बनवलेल्या, किक मारून सुरू होणाऱ्या गाडीचा व्हिडिओ आनंद महिंद्रांनी पाहिला आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. तेव्हापासून कितीतरी महिने भाऊ फोन चार्जिंगला लावूनच झोपत. पानठेल्यावर खर्रा घोटता घोटता कोणी ना कोणी विचारायचंच, "आला का जी महिंद्राचा फोन?" एकदा खरंच अनोळखी नंबर आला. भाऊ उठून उभे राहिले, शर्टाची वरची गुंडी लावली. पर्सनल लोन हवंय का, म्हणून विचारत होते.

पहिली चाचणी कारखान्यांमागच्या मोकळ्या जागेत झाली. स्टिअरिंगची रॅक मारुती ८०० ची. पाय ठेवायला जागा होईना म्हणून भाऊंनी ती उलटी बसवली होती. उलटी बसवली की काम उलटं होतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही, पण त्या रात्री एक वाजला होता. गाडी सुटली ती झकास. समोर बाभूळ आली, भाऊंनी डावीकडे फिरवलं, गाडी उजवीकडे गेली. भाऊंनी अजून डावीकडे फिरवलं. गाडी अजून उजवीकडे गेली आणि संत्र्याच्या रिकाम्या क्रेटांच्या थप्पीत शिरून थांबली. आम्ही धावलो. भाऊ क्रेट डोक्यावरून बाजूला करत म्हणाले, "सवय होईन."

गाडी रस्त्यावर आणता येत नाही, हे ते जाणतात आणि आणतही नाहीत. नमुन्याला मान्यता हवी, चाचण्या हव्यात, तेवढा पैसा कोणाकडे? कंपनीने बनवलेल्या गाडीचीसुद्धा मूळ रचना बदलता येत नाही, असं २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. "आपली त मूळ रचनाच हे हाय," असा भाऊंचा युक्तिवाद, पण तो ते शेडमध्येच करतात. नंबर प्लेट मात्र तयार आहे. 'एमएच ४०' एवढंच लिहिलेलं, पुढे कोरी जागा.

आता धर्मकाट्याची गोष्ट. तीस-तीस टनांचे ट्रेलर चढतात त्या काट्यावर एका दुपारी चार पोट्ट्यांनी ढकलत गाडी आणली. भाऊ आत बसलेले. काट्यावाल्याने केबिनमधून ओरडून सांगितलं, "गाडी चढवा ना!" चढलेलीच होती. आकडा आला ३७०. भाऊ उतरले, आकडा आला २७०. काटा दहा-दहा किलोंनी बोलतो, त्यामुळे भाऊंनी हुज्जत घातली की खरं २६६ असेल. काट्यावाला कंटाळला आणि त्याने मशीनला सवयीचं काम करू दिलं. पावती छापून आली: भरलेलं वजन ३७०, रिकामं २७०, निव्वळ माल १००.

"मालाच्या खान्यात काय लिहू?" त्याने विचारलं.

भाऊ म्हणाले, "काही नको लिहू."

पावती त्यांनी खिशात घातली, पण शर्ट वहिनी धुतात. ती आता फ्रिजवर लोहचुंबकाने लावलेली आहे. त्या आठवड्यात भाऊंनी गाडीची सीट ड्रिलने चाळणी करून साडेसातशे ग्रॅम वाचवले. सावजीच्या रश्श्यावर पोळ्या पूर्वीइतक्याच.

यंदा तान्ह्या पोळ्याला गल्लीतली पोट्टी शेडच्या दारात येऊन बसली. तान्हा पोळा म्हणजे पोरांचा पोळा. चाकं लावलेला लाकडी बैल दोरीने ओढत घरोघर न्यायचा आणि बोजारा मागायचा. कोणाचा बैल वीतभर, कोणाचा हातभर. आमच्या पोट्ट्यांना या वर्षी भाऊंची गाडी हवी होती. क्लच उतरवून ठेवलेला होता, तेव्हा गाडी नाहीतरी ओढूनच न्यावी लागणार होती. भाऊंनी आधी नाही म्हटलं, मग स्वतःच कासरा बांधून दिला. वहिनींनी जुन्या साडीची झूल टाकली, डोक्यावरच्या कमानीला बेगड लावली, कुंकू लावून ओवाळलं. मी पाहत होतो. एवढ्या वर्षांत त्यांनी गाडीला हात लावलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

मिरवणूक निघाली. लाकडी बैलांच्या रांगेत एक लोखंडी. लोक दारात आले, बोजाऱ्याची नाणी सीटच्या भोकांतून खाली पडत होती आणि पोट्टी ती वेचत होती. भाऊ मागून हात पाठीशी बांधून चालत होते, वरातीत मुलीचा बाप चालतो तसे. मारुतीच्या पारापाशी सगळे दम खायला थांबले. भाऊंनी सगळ्यात पुढच्या, जेमतेम सात-आठ वर्षांच्या पोट्ट्याला विचारलं, "कशी वाटली बे गाडी?"

पोट्ट्याने कपाळाचा घाम पुसला. डोळे चमकत होते.

"काका, एकदम भारी!"

भाऊंचा चेहरा पडला. मी समजावायला गेलो, की आजकाल पोरं चांगल्याला भारी म्हणतात. त्यांनी ऐकून घेतलं. रात्री दहाला मागच्या शेडमधून ग्राइंडर सुरू झाला.